जॉर्ज विटेट

जॉर्ज विटेट (१८७८ – १९२६) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आणि आपल्या कारकिर्दीचा जवळजवळ सर्व काळ मुंबईत व्यतीत केलेले वास्तुविशारद होते. गेटवे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) या दोन वास्तूंमुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. मात्र मुंबईच्या नगररचनेच्या दृष्टीने त्यांचे तितकेच महत्त्वाचे, परंतु तुलनेने दुर्लक्षित राहिलेले काम म्हणजे बॅलार्ड इस्टेट. गोदीच्या खोदकामातून निघालेल्या मातीच्या भरावावर सरकारच्या अधिपत्याखालील बंदर विश्वस्त मंडळाने वसविलेली ही व्यापारी वसाहत आहे. बंदरालगतच्या जमिनीचे शासकीय पुढाकाराने पुनर्निर्माण करण्याचे भारतातील ते एक आरंभीचे आणि यशस्वी उदाहरण मानता येईल. लंडनच्या गोद्यांचा सरकारी महामंडळामार्फत झालेला कायापालट जगभर अभ्यासला जातो. त्याच्या जवळजवळ सात दशके आधी मुंबईत हा प्रयोग झालेला होता, ही गोष्ट आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

प्रारंभिक जीवन

विटेट यांचा जन्म १८७८ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील ब्लेअर अॅथॉल या गावी झाला. वास्तुकलेचे प्राथमिक शिक्षण त्यांनी पर्थ येथील हायटन यांच्या कार्यालयात उमेदवारी करून घेतले. त्या काळी ब्रिटनमध्ये वास्तुविशारद होण्याचा हाच रूढ मार्ग होता. महाविद्यालयीन पदवीपेक्षा एखाद्या अनुभवी वास्तुविशारदाच्या हाताखाली आराखडे रेखाटण्यात घालवलेल्या वर्षांना अधिक मोल होते. त्यानंतर त्यांनी एडिंबरा आणि यॉर्क येथे काम केले. १९०४ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ते मुंबईत आले आणि मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग यांचे सहायक म्हणून रुजू झाले. बेग पुढे हिंदुस्थान सरकारचे सल्लागार वास्तुविशारद म्हणून कलकत्त्यास गेले आणि मुंबईतील त्यांचे पद विटेट यांच्याकडे आले.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याची पार्श्वभूमी

विटेट यांच्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा त्याआधीचा पन्नास वर्षांचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या किनाऱ्यावर सलग असे बंदर नव्हते. निरनिराळ्या मालकांचे लहानमोठे धक्के, चिखलाच्या खाजणी आणि वखारी असे त्याचे स्वरूप होते. भाऊ अजिंक्य यांनी बांधलेला आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा भाऊचा धक्का हा त्याच काळातील खासगी उद्यमाचा नमुना आहे. मोठी जहाजे खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माल पडावांतून किनाऱ्यावर आणला जाई. पावसाळ्यात हे काम जिकिरीचे व धोक्याचे होई.

१८५० च्या दशकाच्या अखेरीस एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी स्थापन झाली. मोदी बे ते मस्जिद बंदर या पट्ट्यात समुद्र हटवून तेथे कापसाच्या गाठी बांधण्याचे कारखाने आणि धक्के उभारावेत, असा तिचा उद्देश होता. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथून मिळणारा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भराव टाकणाऱ्या कंपन्यांच्या समभागांवर सट्टा खेळला जाऊ लागला. युद्ध संपताच १८६५ मध्ये हा फुगा फुटला, अनेक पेढ्या बुडाल्या आणि भरावाच्या योजना अर्धवट राहिल्या. एल्फिन्स्टन कंपनीच्या हाती किनाऱ्याचा मोठा भाग होता. बंदरावर एका खासगी कंपनीची मक्तेदारी होणे सरकारला परवडणारे नव्हते. शेवटी १८७० मध्ये सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये कायद्याने मुंबई बंदर विश्वस्त मंडळ (बॉम्बे पोर्ट ट्रस्ट) स्थापन केले.

या मंडळाचे पहिले अध्यक्ष जॉन आर्चिबाल्ड बॅलार्ड हे बॉम्बे इंजिनियर्स या पलटणीतील लष्करी अभियंता होते. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातील सिलिस्ट्रियाच्या वेढ्यात त्यांनी भाग घेतला होता आणि पुढे ते मुंबईच्या टांकसाळीचे प्रमुख झाले. १८८० मध्ये ग्रीसच्या प्रवासात त्यांचे निधन झाले. म्हणजे ज्या वसाहतीला आज त्यांचे नाव आहे, तिची त्यांनी कल्पनाही केली नसेल. त्यांच्या नावाचा धक्का, बॅलार्ड पिअर, आधी झाला आणि त्यावरून वसाहतीला नाव मिळाले.

बंदर मंडळाने कामाचा धडाका लावला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक खुला झाला. कुलाब्याला ससून घराण्याने १८७५ मध्ये बांधलेली गोदीही मंडळाकडे आली. १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे पंचम जॉर्ज) यांच्या हस्ते तिसऱ्या आणि सर्वांत मोठ्या अलेक्झांड्रा डॉकची पायाभरणी झाली. विटेट मुंबईत येऊन त्या वेळी जेमतेम एक वर्ष झाले होते. याच भेटीत राजपुत्राने संग्रहालयाचीही कोनशिला बसविली. विटेट यांच्या आयुष्यातील दोन मोठ्या कामांचा उगम असा एकाच आठवड्यातील आहे.

बॅलार्ड इस्टेट

अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघणारी माती आणि खडक टाकायचे कोठे, हा प्रश्न अभियंत्यांपुढे होता. दूर समुद्रात नेऊन टाकणे खर्चिक होते. तोच राडारोडा फोर्ट आणि नव्या गोदीच्या मधल्या उथळ पाण्यात टाकला, तर नवी जमीन मिळणार होती. बंदर मंडळाने हा दुसरा मार्ग पत्करला आणि सुमारे २२ एकर जमीन निर्माण केली. १९१४ मध्ये गोदी खुली झाली. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात तिला इंदिरा डॉक असे नाव मिळाले.

या जमिनीवर वखारीही बांधता आल्या असत्या. गोदीला लागून असलेल्या जागेचा तोच स्वाभाविक उपयोग समजला जाई. बंदर मंडळाने मात्र तेथे जहाज कंपन्या, विमा कंपन्या, व्यापारी पेढ्या आणि बँका यांच्यासाठी कार्यालयांची वसाहत आखली. यामागे रोकडा हिशेब होता. मंडळाला गोद्या बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज भरायचे होते आणि वखारीपेक्षा कार्यालयाच्या जागेचे भाडे अधिक मिळणार होते. जमीन न विकता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची, मालकी सार्वजनिक संस्थेकडेच ठेवावयाची आणि इमारत मात्र भाडेकरूने स्वखर्चाने बांधावयाची, अशी ही व्यवस्था होती. आजच्या बंदर-पुनर्विकासाच्या योजनांतही मूळ सूत्र हेच असते.

वसाहतीच्या रचनेची जबाबदारी विटेट यांच्याकडे आली. बांधकामाचा मुख्य काळ १९१४ ते १९१८ असा, म्हणजे नेमका पहिल्या महायुद्धाचा आहे. प्रत्येक भूखंड वेगळ्या कंपनीच्या हाती जाणार असल्याने प्रत्येकाने मनास येईल तशी इमारत बांधली असती, तर वसाहतीला रूप आले नसते. विटेट यांनी इमारतींची उंची, छतालगतच्या कंगोऱ्याची रेषा आणि दर्शनी भागाची ठेवण यांत एकसारखेपणा राहील असे बंधन घातले. शैली युरोपीय प्रबोधनकालीन वळणाची निवडली. ब्रिटनमध्ये सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीत सरकारी कचेऱ्या आणि बँका ज्या रूपात बांधल्या जात, तेच हे रूप. रुंद रस्ते, दगडी दर्शनी भिंती, कोपऱ्यावर किंचित वळण घेणाऱ्या इमारती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सरळ धावणारी छतरेषा यांमुळे या भागात शिरताच आपण फोर्टच्या गर्दीतून बाहेर पडलो असे जाणवते. ग्रँड हॉटेलसह येथील अनेक इमारतींचे आराखडे स्वतः विटेट यांचे आहेत.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ज्या वास्तुविशारदाने गेटवे आणि संग्रहालयासाठी गुजरातेतील आणि विजापूरच्या वास्तूंचा आधार घेतला, त्यानेच बॅलार्ड इस्टेटमध्ये घुमट, जाळी किंवा छज्जा यांचा मागमूसही का ठेवला नाही? याचे उत्तर बहुधा ग्राहकांत आहे. स्मारकाने प्रजेशी बोलावयाचे होते, म्हणून त्याला हिंदी पेहराव चढविला गेला. कार्यालयांनी लंडन आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांशी बोलावयाचे होते, म्हणून त्यांना लंडनचा पोशाख मिळाला. विटेट यांची स्वतःची आवड कोणती होती, याचा निवाडा या इमारतींवरून करणे धाडसाचे ठरेल. ते दोन्ही भाषांत सारख्याच सफाईने बोलू शकत, एवढे मात्र दिसते.

बॅलार्ड इस्टेटची मर्यादाही नोंदवली पाहिजे. या आराखड्यात घरांना जागा नव्हती. दिवसा गजबजलेला हा परिसर संध्याकाळी ओस पडत असे आणि आजही बव्हंशी तसाच पडतो. ज्या गोदी कामगारांच्या पाठीवरून माल उतरत होता, ते डोंगरी, माझगाव आणि शिवडीच्या चाळींत राहत. त्यांच्यासाठी येथे बाक नव्हता की पाणपोई नव्हती. १८९६ च्या प्लेगने या चाळींचे भीषण वास्तव उघडे पाडले होते आणि त्यावर उपाय म्हणून १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले होते. परंतु बंदर मंडळ आणि सुधार मंडळ ही दोन वेगळी खाती राहिली. किनाऱ्यावर कचेऱ्या आणि आत चाळी, अशी विभागणी कागदावरच पक्की झाली.

युरोपहून येणारी टपालाची आणि प्रवाशांची जहाजे बॅलार्ड पिअरला लागत आणि धक्क्यालगतच्या बॅलार्ड पिअर मोल या स्थानकावरून प्रवासी थेट आगगाडीत बसत. विटेट यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, बीबीसीआय रेल्वेने मुंबई ते पेशावर अशी फ्रंटियर मेल सुरू केली. हंगामात ती या स्थानकावरून सुटे आणि पालघर, डहाणू रोड ओलांडून उत्तरेकडे धावे. पश्चिम रेल्वेच्या आजच्या मार्गावर राहणाऱ्या वाचकांना हा धागा जवळचा वाटेल.

अपोलो बंदर आणि गेटवे ऑफ इंडिया

राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले. त्यांच्या स्वागतासाठी तेव्हा तेथे कमानीची केवळ तात्पुरती प्रतिकृती उभी होती. पक्क्या कमानीची कोनशिला ३१ मार्च १९१३ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांनी बसविली आणि विटेट यांच्या अंतिम आराखड्यास १९१४ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे ज्यांच्या स्वागतासाठी कमान बांधली, ते आगमन कमानीच्या आधीच होऊन गेले होते.

अपोलो बंदर पूर्वी मच्छीमारांच्या वापरातील साधा धक्का होता. कमानीसाठी तेथे भराव टाकणे आणि समुद्राची भिंत बांधणे आवश्यक होते. हे काम १९१५ ते १९१९ चालले आणि पायाचे काम १९२० मध्ये पूर्ण झाले. बॅलार्ड इस्टेटप्रमाणेच येथेही वास्तूच्या आधी जमीन घडवावी लागली. कमानीसाठी पिवळसर खारोडी दगड आणि लोखंडी सळ्यांचे काँक्रीट वापरले गेले. जाळ्या ग्वाल्हेरहून आणल्या. मधल्या घुमटाचा व्यास सुमारे १५ मीटर आणि कमानीची उंची सुमारे २६ मीटर आहे. एकूण खर्च सुमारे २१ लाख रुपये झाला आणि त्याचा मोठा भाग हिंदुस्थान सरकारने उचलला.

रचनेचा मूळ ढाचा रोमन विजयकमानीचा असला, तरी तपशील सोळाव्या शतकातील गुजरातच्या मुस्लिम वास्तुशैलीचे आहेत. कमानीपर्यंत सरळ जाणारा भव्य रस्ता करण्याची योजना होती, पण पैसे संपल्यामुळे तो झालाच नाही. त्यामुळे गेटवे आजही जवळच्या रस्त्याशी कोन करून उभा आहे. तेथे उभे राहून पाहिल्यास ही तिरपी ठेवण सहज ध्यानात येते. ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते गेटवेचे उद्घाटन झाले. त्यानंतर २४ वर्षेही पूर्ण व्हायच्या आत, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, सॉमरसेट लाइट इन्फंट्री ही शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बाहेर पडली. २६ जानेवारी १९६१ रोजी गेटवेसमोर छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले.

वस्तुसंग्रहालय आणि इतर वास्तू

संग्रहालयाच्या इमारतीसाठी १९०९ मध्ये खुली स्पर्धा घेण्यात आली आणि विटेट यांचा आराखडा निवडला गेला. कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा फिकट पिवळा दगड यांच्या मिलाफातून ही वास्तू उभी आहे. घुमटावर विजापूरच्या गोल घुमटाची स्पष्ट छाप आहे. आतील मध्यवर्ती दालनात नाशिक येथील एका वाड्यातून निघालेले कोरीव लाकडी कमानींचे काम बसविलेले आहे. मोडीत निघालेला एक मराठी वाडा अशा रीतीने परदेशी वास्तुविशारदाच्या दृष्टीमुळे काही अंशी तरी वाचला. १९१४ मध्ये इमारत पूर्ण झाली, परंतु महायुद्धामुळे तिचा वापर लष्करी रुग्णालय म्हणून झाला आणि संग्रहालय म्हणून ती १० जानेवारी १९२२ रोजी खुली झाली.

इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, तिला जोडून असलेले कावसजी जहांगीर सभागृह (आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय), धोबी तलावाचे लघुवाद न्यायालय, टाटा समूहाचे मुख्यालय बॉम्बे हाऊस (१९२४), परळचे नवरोजी वाडिया प्रसूतिगृह आणि किंग एडवर्ड मेमोरियल म्हणजेच के. ई. एम. रुग्णालय (१९२६) ही त्यांची आणखी काही कामे. शेवटच्याचा विशेष असा की, त्याला जोडलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात केवळ हिंदी डॉक्टरांनीच अध्यापन करावे, अशी देणगीदारांची अट होती. साम्राज्याची कमान बांधणाऱ्या माणसाने स्वदेशी वैद्यकाचे घरही बांधले.

कराची बंदर मंडळाच्या मुख्यालयाची इमारतही (१९१६) विटेट यांचीच आहे. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे. बंदरांच्या सरकारी मंडळांना आपले वजन दगडात दाखविण्याची गरज वाटू लागली होती आणि त्यासाठी दोन्ही शहरांत एकच हात कामी आला, हे लक्षणीय आहे.

व्यावसायिक संघटना आणि टाटांची नोकरी

१९१७ मध्ये मुंबईतील वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी एक संघटना स्थापन केली. सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या हिंदी तरुणांना या व्यवसायात मान आणि कामे मिळावीत, हा तिचा हेतू होता. विटेट तिचे पहिले अध्यक्ष झाले. याच संघटनेतून पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही देशव्यापी संस्था आकाराला आली. सरकारी पदावरील ब्रिटिश अधिकाऱ्याने हिंदी विद्यार्थ्यांच्या संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारणे त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

१९१९ मध्ये विटेट यांनी सरकारी नोकरी सोडली आणि टाटा उद्योगसमूहाच्या स्थावर मालमत्ता विकासाच्या नव्या शाखेचे काम स्वीकारले. युद्धानंतरच्या तेजीत मुंबईत जमिनीचे भाव भडकले होते. याच तेजीच्या भरात गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या सरकारने शहराच्या पश्चिम बाजूस बॅकबे भरावाची महत्त्वाकांक्षी योजना हाती घेतली. तेजी ओसरली, खर्च अंदाजापलीकडे गेला, भराव पूर्ण होईना आणि खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी या योजनेतील गैरकारभार चव्हाट्यावर आणला. पूर्व किनाऱ्यावरील बॅलार्ड इस्टेट आणि पश्चिम किनाऱ्यावरील बॅकबे या दोन्ही योजना सरकारच्याच. एकीत भरावाची माती गोदीतून आपसूक मिळत होती आणि भाडेकरू दाराशी उभे होते. दुसरीत माती समुद्राच्या तळातून उपसून आणावयाची होती आणि गिऱ्हाईक भविष्यकाळात होते. सरकारी पुढाकाराचे यश अथवा अपयश कशावर ठरते, हे अभ्यासू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने या दोन योजना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

निधन

१९२६ मध्ये तीव्र अतिसाराच्या (आमांशाच्या) विकाराने विटेट यांचे मुंबईत निधन झाले. ते पन्नाशीचेही नव्हते. मुंबईच्या पाण्याची व मैल्याची व्यवस्था तोवर बरीच सुधारली असली, तरी पोटाच्या विकारांपासून गव्हर्नर ते हमाल कोणीच सुरक्षित नव्हते. त्यांचे दफन शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत करण्यात आले. के. ई. एम. रुग्णालय रुग्णांसाठी खुले झाले, ते त्याच वर्षी.

विटेट यांच्यानंतरचा बंदर परिसर

बॅलार्ड इस्टेटमधील कंपन्यांची नावे काळानुसार बदलत गेली. ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देणाऱ्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने येथेच आपले मुख्यालय उभारले. तिच्या संस्थापकांपैकी सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांची नावे आज या वसाहतीतील रस्त्यांना आहेत. वसाहतीलगतचा पूर्वीचा फ्रिअर रोड आता गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो यांच्या नावाने ओळखला जातो. ज्या कामगारांना मूळ आराखड्यात स्थान नव्हते, त्यांच्या पुढाऱ्याचे नाव निदान रस्त्याच्या पाटीवर आले.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन गोदीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. गोदी पुन्हा उभी राहिली, पण तिचे दिवस वेगळ्याच कारणाने भरले. पेटाऱ्यांतून म्हणजे कंटेनरमधून मालवाहतूक सुरू झाल्यावर जुन्या गोद्यांची खोली, रुंदी आणि मागील जागा अपुरी पडू लागली. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या गोद्यांतील वर्दळ ओसरत गेली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या पुढे भरून टाकण्यात आल्या. पाणी खोदून काढलेल्या जागी पुन्हा भराव पडला.

बंदर मंडळाकडे कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत सुमारे १,८०० एकर जमीन आहे आणि तिचे पुढे काय करावे, हा मुंबईपुढील मोठा प्रश्न आहे. २०१४ मध्ये केंद्र सरकारने राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून या किनाऱ्याच्या पुनर्विकासाचा विचार केला. मोकळ्या जागा किती ठेवावयाच्या, जुन्या भाडेकरूंचे आणि झोपडपट्टीतील रहिवाशांचे काय करावयाचे, लोकांना समुद्रापर्यंत पोहोचता येईल की नाही, हे प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहेत. या चर्चेत बॅलार्ड इस्टेटचा दाखला वारंवार दिला जातो. तो देताना त्या वसाहतीत घरे नव्हती, याचा मात्र सहसा उल्लेख होत नाही.

बंदर दरम्यान आणखी उत्तरेकडे सरकले आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात वाढवण येथे नवे खोल बंदर उभारण्याची कल्पना १९९० च्या दशकात पुढे आली. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये त्या प्रकल्पास मनाई केली. पुढे प्रकल्प नव्या स्वरूपात आला. २०२३ मध्ये प्राधिकरणाची संमती आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळून ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. ७६,२२० कोटी रुपये अंदाजित खर्चाच्या या बंदरात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे. येथेही सुमारे १,४४८ हेक्टर जमीन समुद्रात भराव टाकून निर्माण करावयाची आहे. डहाणू आणि तलासरीच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांनी मासेमारीची क्षेत्रे जातील, या कारणाने प्रकल्पास दीर्घकाळ विरोध केला आहे. अलेक्झांड्रा डॉकच्या मातीतून झालेली २२ एकरांची जमीन त्याच्या तुलनेत हातरुमालाएवढी वाटेल. अपोलो बंदरावर कमानीचा भराव पडला तेव्हा तेथील मच्छीमारांना कोणी विचारले असल्याची नोंद विटेट यांच्या चरित्रसाधनांत आढळत नाही.

बॅलार्ड इस्टेटमधील इमारती आज मुंबईच्या वारसा यादीत आहेत. त्यांपैकी अनेकांत अजूनही जहाज व्यवसायाशी संबंधित कचेऱ्या, कायदेतज्ज्ञांची कार्यालये आणि सरकारी खाती आहेत. १९२३ मध्ये सुरू झालेले ब्रिटानिया हे इराणी उपाहारगृहही तेथेच आहे. दुपारी कचेऱ्यांतून सुटलेली माणसे तेथे जेवावयास येतात.